पुढेमागे लागेल म्हणून

मराठी मध्यमवर्गीय माणूस कुठलीही वस्तू आजच्यासाठी घेत नाही. ‘पुढेमागे लागेल’ म्हणून घेतो. पोराचा गणवेश जसा तो वाढत्या अंगाचा शिवून घेतो, तसाच घरी कॉम्प्युटर जोडायला निघाला की मदरबोर्डही वाढत्या अंगाचाच बघतो.

माझी गरज तशी माफक. थोडं लिखाण, थोडे हिशेब, लग्नकार्यातले फोटो. एवढ्याला आय-थ्री पुरून उरतो. पण ‘आय-थ्री घेतला’ हे चारचौघांत सांगायचं कुठल्या तोंडाने? आय-फाइव्हमध्ये जरा बरी परिस्थिती दिसते, आय-सेव्हनमध्ये थेट कर्तबगारी. त्यात आकड्यांमागची अक्षरं. ‘के’ असेल तर वेग वाढवायची मुभा, पण खोक्यात पंखा नाही. ‘एफ’ असेल तर आतलं ग्राफिक्स गायब; वेगळं कार्ड नसेल तर स्क्रीन काळी. ‘केएफ’ घेतलात तर पंखाही नाही आणि चित्रही नाही. नाव जितकं लांब, तितकं खोक्यात कमी!

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातल्या पोराला मी म्हटलं, “बोर्ड असा दे, की पुढे नवा प्रोसेसर टाकता आला पाहिजे.”

“पुढे म्हणजे कधी, काका?”

हा प्रश्न मी ऐकलाच नाही. कारण इंटेलचा इतिहास मला पाठ होता. 1151 पिनांच्या सॉकेटवर सहावी आणि सातवी पिढी सुखाने नांदली. 2017 साली आठवी आली, पिना तितक्याच, 1151; पण जुन्या बोर्डावर म्हणून चालेना. 2021 मध्ये पिना 1700 झाल्या, 2024 मध्ये 1851. पिना वाढतात, फक्त आपल्या बोर्डावरच्या वाढत नाहीत. उलट एएमडीच्या एएम-फोरवर 2017 साली रायझन आला आणि 2022 मध्ये त्याच पहिल्या बोर्डांना रायझन 5000 सुद्धा चालू लागला. बायोस तेवढा अपडेट करायचा. झालं, एएम-फाइव्हचा बोर्ड आणि रायझन फाइव्ह बांधून घेतला. या बोर्डाला डीडीआर-फाइव्हच लागते, त्यामुळे ‘पुढेमागे लागेल’ म्हणून जपलेली जुनी रॅम परत कपाटात गेली.

घरी प्रोसेसरच्या कोपऱ्यातला इवलासा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवून तो अलगद ठेवला. इथवर सगळं हळुवार. मग लोखंडी दांडी दाबायची. ती बोटाने दबत नाही, अंगाचा भार द्यावा लागतो. आतून ‘कर्र’ असा आवाज येतो आणि सॉकेटवरची काळी प्लास्टिकची टोपी टपकन उडून पडते.

“मोडलं का हो काही?” सौ. स्वयंपाकघरातून.

“असंच असतं ते!” मी, कपाळावरचा घाम पुसत.

आता खरोखर नवा प्रोसेसर घ्यायची वेळ येईल तेव्हा सॉकेट बदललेलं असेल, रॅमही बदललेली असेल. टिकेल ते पत्र्याचं कॅबिनेट. एटीएक्सची मापं इंटेलने 1995 साली ठरवली आणि बोर्डाच्या स्क्रूची भोकं आजही जुळतात. पण “पुढेमागे उपयोगी पडतील अशी चांगली भोकं दाखवा” असं म्हणणारं गिऱ्हाईक लॅमिंग्टन रोडने अजून तरी पाहिलेलं नसावं.