मुदतवाढ

२००९च्या दिवाळीत भाचा काखेत काळा, चपटा डबा मारून आला. “मामा, आमच्याकडे नवा आलाय. हा आता तुझ्याकडे राहू दे.” घरात नवा कुकर आला की जुना गावाकडे धाडतात ना, तोच सूर.

डबा म्हणजे प्लेस्टेशन-२, व्हिडिओ गेमचं यंत्र. जन्म मार्च २०००, जपान. धाकटा भाऊ, प्लेस्टेशन-३, आला नोव्हेंबर २००६मध्ये. रीतीप्रमाणे थोरल्याच्या हाती त्याच दिवशी नारळ पडायचा. पण त्याला मिळाली मुदतवाढ, तीही एखाद्या खातेप्रमुखाने हेवा करावा अशी. धाकटा येऊन चार महिने झाले, तरी ‘गॉड ऑफ वॉर २’ निघाला तो थोरल्यासाठीच! दहा कोटींवर विकला गेलेला थोरला सोडून नवख्याच्या मागे कोण लागेल? शिवाय प्रोग्रामरांना त्याच्या सगळ्या खोडी एव्हाना पाठ झाल्या होत्या. धाकट्याचा सेल प्रोसेसर हुशार खरा, पण त्याच्याकडून काम काढून घेताना भलेभले रडकुंडीला आले.

थोरल्याने वडिलांनाही नीट सांभाळलं होतं. प्लेस्टेशन-१चा प्रोसेसर त्याने पोटातच ठेवलेला. जुना गेम घातला की वडील उठून तो चालवायचे. एरवी कंट्रोलर, मेमरी कार्ड असली वरकामं बघायचे. वीजबिल भरून येणारे आजोबाच म्हणा. धाकट्यानेही सुरुवातीला थोरल्याच्या चिपा पोटात घेतल्या, पण पुढच्या मॉडेलांतून खर्चापायी काढून टाकल्या. एवढं महागडं घर, आणि थोरल्यांना खोली नाही! हे मला, उगाच असेल, पण लागलं.

आपल्याकडच्या गेमकर्त्यांना तर थोरला तेव्हा कुठे सापडत होता. २००९मध्ये ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आला, कबड्डी-विटीदांडूचा ‘देसी अड्डा’ आला. २०११मध्ये ‘रा.वन’ही.

जानेवारी २०१३मध्ये उत्पादन थांबल्याचं जाहीर झालं. तोवर पंधरा कोटींहून जास्त नग विकले गेले होते. तरी स्वारी उठेना. सप्टेंबरात ‘फिफा १४’ निघाला, त्याचीही एक आवृत्ती थोरल्यासाठी होती. आणि नोव्हेंबरात तर प्लेस्टेशन-४ दुकानात!

भाचा पुन्हा आला. काखेत यंदा धाकटा. “मामा, नवा आलाय...”

“ठेव,” मी म्हटलं.

आता टीव्हीखालच्या फळीवर दोघे एकमेकांवर बसलेत. थोरल्याचे गेम धाकट्याला चालत नाहीत, म्हणून नातवंडांचा हट्ट बदलला की वायरीही बदलाव्या लागतात. टीव्हीमागे हात घालून, धूळ झटकत, पिवळी-लाल-पांढरी पिन चाचपत ते करायचं काम माझ्याकडे आलंय. मीही त्याच वर्षी निवृत्त झालो.