पू दीर्घ!

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी गेल्याची बातमी आली की भराभर ‘भावपुर्ण श्रद्धांजली’ पडायला लागतात. मग नानांचा संदेश येतो : ‘पू दीर्घ.’ श्रद्धांजली त्यानंतर, सवडीने.

मागच्या खेपेला चेअरमन हात जोडून म्हणाले, “नाना, निदान तेराव्यापर्यंत तरी थांबा हो.” नाना म्हणाले, “माणूस गेला, त्याला निरोप तरी धड द्या.” आता काय बोलणार? कारण त्या दिवशी तो ‘पू दीर्घ’ नानांनी स्मशानातून पाठवला होता. भल्या पहाटे तिरडीचं सगळं सामान आणायला तेच गेले होते.

नाना निवृत्त पोस्टमास्तर. खिशाला कायम लाल पेन. हॉटेलात गेले की आधी मेनूकार्ड तपासतात, मग भूक लागते. एकदा ‘थालिपिठ’ दिसलं. नानांनी पोऱ्याला बसल्या जागी शिकवणी दिली, “थालीपीठ म्हणताना पी दीर्घ. पण थालीपिठाला म्हटलंस की ऱ्हस्व. काही लागलं की ऱ्हस्व होतं, कळलं?” पोऱ्याने मान डोलावली आणि विचारलं, “मग लोणी लावू की नको?”

वाणी मात्र त्यांना पुरून उरलाय. तो म्हणतो, “तूरडाळ उद्या भेटेल.” नाना म्हणतात, “माणूस भेटतो. डाळ मिळते.” वाणी पुडी बांधता बांधता म्हणतो, “बरं. उधारी कधी मिळेल, अन् तुम्ही कधी भेटाल?”

‘माझी मदत कर’ ऐकलं की नानांच्या कपाळावरची शीर उडते. “मला मदत कर! हिंदीतून उचललंय सगळं.” ‘मी त्याला बोललो’वर तर ते चहा अर्धा टाकून उठलेत. ‘म्हणालो’ ऐकल्यावरच परत बसले.

एकदा मी त्यांना डिवचलं. म्हटलं, “नाना, १९६२ साली साहित्य महामंडळाचे नियम सरकारने मान्य केले, अनुस्वार गळाले. तुमच्या वडिलांच्या पत्रांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘तूं’ असेल. म्हणजे ते सगळं अशुद्धच की.” नाना आत गेले, पत्र्याची पेटी घेऊन आले आणि पत्रं दाखवत बसले. प्रत्येक टिंब जागच्या जागी. “तेव्हाचं हेच शुद्ध,” म्हणाले, “आणि आताचं आताचं. नियम बदलू देत, पण असेल तो पाळा ना!” मला पटलं. त्यांना सांगितलं मात्र नाही.

एवढ्या करड्या माणसाच्या घरात काकू वर्ध्याच्या. दिवसातून दहादा आतून हाक येते, “काय करून राहिले तुम्ही?” नाना मुकाट्याने म्हणतात, “आलो.” लाल पेन हलत नाही. मी विचारलं, तर म्हणाले, “ती बोली आहे. बोलीला चूक म्हणणारा स्वतः अडाणी.” मग वाण्याचं ‘भेटेल’सुद्धा बोलीतलंच की, असं मी म्हणताच नानांना कोथिंबीर आणायची आठवण झाली.

लोक वैतागतात, ‘नाना आले’ म्हणून विषय बदलतात. पण लग्न निघालं की पत्रिकेचा कच्चा कागद पहिला त्यांच्याच दारात. ‘चि. सौ. कां.’मधल्या कां वरचा अनुस्वार ते जातीने बघतात. ‘आर्शिवाद’मधला रफार उचलून वा वर नेऊन ठेवतात. पैसे घेत नाहीत. आमच्या सोसायटीतून आजवर ‘आर्शिवाद’ छापलेली एकही पत्रिका बाहेर पडलेली नाही.

तेव्हा तुमच्या घरी कार्य असेल तर छापखान्यात जाण्याआधी कागद नानांकडे टाका. संध्याकाळी साडेपाचनंतर ते घरीच असतात. फक्त दारात उभं राहून ‘नाना भेटतील का?’ असंच विचारा. ‘मिळतील का’ म्हणू नका.