कॅम्बरपंत

कॅम्बरपंतांना कुणी 'काल किती स्पीडने गेलात?' असं विचारलं की ते दुखावतात. त्यांच्या लेखी हा प्रश्न निव्वळ अडाणीपणाचा. 'गाडी कशी वागली?' असं विचारायचं असतं. मग ते खुर्ची पुढे ओढतात, चष्मा कपाळावर सरकवतात, आणि तुमचा पुढचा पाऊण तास तुमचा राहत नाही.

त्यांचं खरं नाव सोसायटीच्या नोटीसबोर्डावर मेंटेनन्स थकवणाऱ्यांच्या यादीत कधीच येत नाही, त्यामुळे ते फारसं कुणाला ठाऊक नाही. पंचेचाळिशीचे गृहस्थ, पिंपरी-चिंचवडकडच्या एका कारखान्यात अकाउंट्सला. गंमत अशी, की त्या कारखान्यात शॉक अब्सॉर्बरच बनतात. पंत वर्षानुवर्षं त्यांचे पैसे मोजत आले. हे शॉक अब्सॉर्बर गाडीखाली बसून नेमकं काय करतात याची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती. बंप म्हणजे काय आणि रिबाउंड म्हणजे काय, हे त्यांना कळलं ते इटलीतल्या मॉन्झाच्या ट्रॅकवर, आणि तेही घरच्या कॉम्प्युटरवर. आता जेवणाच्या सुट्टीत ते दोन जिने उतरून टेस्टिंगच्या पोरांकडे जातात. पोरं त्यांना येताना बघून डबे उचलतात.

व्यसन लागलं ते मुलामुळे. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून त्याला स्टीअरिंग आणि पेडलं घेऊन दिली. मुलगा आठवड्यात कंटाळला. स्टीअरिंग जेवणाच्या टेबलाला चिकटलं ते चिकटलंच. वहिनी आता पानं टेबलाच्या उरलेल्या बाजूला वाढतात.

खेळाचं नाव असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने. इटलीतल्या कुनोस सिम्युलाझिओनीने काढलेला, 2019 साली पूर्ण रूपात आलेला. यात गाड्या मुख्यतः जीटी3 वर्गातल्या, म्हणजे रस्त्यावरच्या पोर्शे, फेरारी, बीएमडब्ल्यू घेऊन शर्यतीसाठी नव्याने बांधलेल्या. ट्रॅक लेझरने मोजून उतरवलेले. टायर तापतो, झिजतो, हवा वाढते. ढग आले की डांबर गार होतं. यात गाडी नुसती पळवता येत नाही असं नाही. तयार सेटअप असतात: एक 'सेफ', एक 'अॅग्रेसिव्ह'. शहाणा माणूस 'सेफ' निवडतो, गाडी बाहेर काढतो आणि महिना-दोन महिने वळणं शिकतो. पंतांनी पहिल्याच संध्याकाळी सेटअपचं पान उघडलं. टायरमधली हवा, कॅम्बर, टो, अँटी-रोल बार, स्प्रिंगा, राइड हाइट, मागचा विंग, ब्रेक बायस, डिफरन्शियलचा प्रीलोड... प्रत्येकासमोर डावे-उजवे दोन बाण. बाणावर टिचकी मारली की आकडा बदलतो. आयुष्यभर दुसऱ्यांनी ठरवलेले आकडे लिहिलेल्या माणसाला असं पान दाखवायला नको होतं.

काही तबलजी असतात, हातोडी घेऊन बसले की मैफल संपेपर्यंत तबला लावतच राहतात, आणि गवई बिचारा आलाप लांबवत बसतो. पंत त्या घराण्यातले. फरक इतकाच, की पंतांकडे गवईही तेच.

कॅम्बरवर त्यांचा विशेष जीव, म्हणून हे नाव. तो समजावण्याची त्यांची पद्धत ठरलेली आहे. उजव्या हाताचा पंजा टेबलावर उभा धरायचा. 'हे चाक. सरळ उभं आहे, बरोबर? आता गाडी वळली. अंग बाहेर झुकलं. चाकही झुकलं.' पंजा करंगळीच्या कडेवर येतो. 'म्हणजे रस्त्याला टेकला किती टायर? एवढासाच. म्हणून आधीच चाकाचं डोकं आत कलवून ठेवायचं. म्हणजे ऐन वळणात ते सपाट बसतं.' तळवा टेबलावर पूर्ण बसतो आणि पंतांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. त्याच वेळी वहिनी आमटीचं भांडं त्या जागी ठेवायला आलेल्या असतात. मग पुढचा धडा: कॅम्बर जास्त झाला, तर सरळ रस्त्यावर टायरची आतली कड एकटीच घासते आणि तापते. खेळात टायरचं तापमान आत, मध्ये आणि बाहेर असं वेगवेगळं दिसतं. पंत ते तीन आकडे डॉक्टरने रिपोर्ट वाचावा तितक्या गंभीरपणे वाचतात. 'आत जरा जास्त आहे,' ते पुटपुटतात. वहिनी विचारतात, 'मीठ का?'

टायरच्या हवेचं प्रकरण तर थेट घराबाहेर पोहोचलं. मॉन्झाला उजवी वळणं जास्त. पॅराबोलिका, दोन्ही लेस्मो, सगळी उजवीकडची. म्हणजे भार डाव्या चाकांवर पडतो, डावे टायर जास्त तापतात, त्यांतली हवा जास्त फुगते. तेव्हा पिटमधून निघताना डावीकडे हवा थोडी कमी भरायची, की दोन फेऱ्यांनी चारही टायर एका आकड्यावर येतात. हवामान एक अंशाने चढलं तर ढोबळमानाने 0.1 पीएसआय उतरवायचं. हे सगळं खरं आहे आणि पंतांनी ते स्वतः खपून शोधलं आहे. प्रश्न एवढाच, की त्यांची खरी गाडी साधी हॅचबॅक आहे.

पेट्रोल पंपावर मी सोबत होतो. हवा भरणाऱ्या पोराला पंत म्हणाले, 'डावीकडे 32.4, उजवीकडे 32.8.'

'काका, मशीनला पॉइंट नाही.'

'बरं. मग आपल्याकडे चौकात बेटाला वळसा घालताना गाडी कुठे वळते?'

पोराने माझ्याकडे पाहिलं. मी टायरकडे पाहिलं.

'उजवीकडे,' पंतांनीच सांगितलं. 'मग भार कुठे?'

'काका, तेहेतीस टाकू का?'

'गरम तेहेतीस की गार तेहेतीस?'

'हवा आहे काका, चहा नाही.'

पंतांची एक वही आहे. दोनशे पानी, लाल कापडी पाठीची, कारखान्यात लेजरला वापरतात तसली. डावीकडे बदल, उजवीकडे परिणाम. पहिल्या पानावर अधोरेखित करून लिहिलेलं आहे: 'एका वेळी एकच गोष्ट बदलणे.' सेटअप शिकण्यातला हा खरोखर पहिला नियम, आणि पंतांनी तो पहिल्या पानापलीकडे कधी येऊ दिला नाही. विंग एक खाली करायचा म्हणून पान उघडतात, तिथे ब्रेक बायस दिसतो, बायसवरून पुढच्या स्प्रिंगा आठवतात, आणि बाहेर पडतात तेव्हा सात गोष्टी हललेल्या असतात. गाडी सुधारली तर कशाने, बिघडली तर कशाने, याचा पत्ता नाही. अशा वेळी उजव्या रकान्यात 'मिश्र परिणाम' अशी नोंद होते. फाइलींची नावंही तशीच: 'मॉन्झा शेवटचा', 'मॉन्झा शेवटचा खरा', 'मॉन्झा सोमवार ऑफिसआधी'.

पण या माणसाला काही येत नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. दुसऱ्या लेस्मोत त्यांची गाडी वळायला तयार नसायची. स्टीअरिंग फिरवलेलं, नाक मात्र बाहेरच्या गवताकडे. हा अंडरस्टीअर. पंतांनी आधी मागच्या विंगचा कोन कमी करून पाहिला, पुढची उंची उतरवून पाहिली. मग एका रात्री, चुकून म्हणा किंवा थकून म्हणा, नियम पाळला गेला: पुढचा अँटी-रोल बार फक्त दोन घरं मऊ केला आणि बाकी कशाला हात लावला नाही. बार मऊ झाला की पुढच्या दोन चाकांतला भार इतका एकतर्फी होत नाही, आतलं चाकही थोडं कामाला येतं, नाक वळतं. ते वळलं. मला रात्री साडेअकराला फोन. 'अहो, दुसरी लेस्मो आली हातात! काय वळते म्हणून सांगू!' फोन स्पीकरवर होता. पुढचा अर्धा तास मी घरात इटलीचा भूगोल समजावत होतो.

त्यांच्या स्वभावाचं मर्म मात्र मला कळलं ते आलेखांमुळे. या खेळातून प्रत्येक फेरीची नोंद मोटेक नावाच्या प्रोग्रॅममध्ये उघडता येते. खऱ्या शर्यतींतले इंजिनीअर वापरतात तोच. ब्रेक किती दाबला, कुठे दाबला, अॅक्सिलरेटर कधी दिला, सगळ्या रेघा. पंतांनी एकाच सेटअपच्या पाच फेऱ्या एकमेकींवर ठेवल्या. पहिल्या शिकेनच्या, म्हणजे पाठोपाठच्या उलटसुलट वळणांच्या, अलीकडे, जिथे सरळ रस्त्यावरचा सगळा वेग एका दमात उतरवायचा असतो, तिथे ब्रेकच्या पाच रेघा पाच ठिकाणी सुरू होत होत्या. एक फेरी 1 मिनिट 50 ची, दुसरी पावणेदोन सेकंद जास्त. सेटअप तोच. आता ज्याच्या दोन फेऱ्यांत पावणेदोन सेकंदांचा फरक, त्याने दोन दशांश सेकंदांसाठी कॅम्बर बदलून काय मोजायचं? मी हे जरा गोड शब्दांत सुचवलं. पंतांनी रेघांकडे बराच वेळ पाहिलं. 'बरोबर आहे तुमचं,' ते म्हणाले. मला वाटलं, उमजलं. 'पेडलच चुकीचं आहे.'

नवं पेडल आलं. लोड सेलचं. ते पाय किती खाली गेला हे मोजत नाही, जोर किती लावला हे मोजतं. खऱ्या रेसगाडीचा ब्रेक असाच असतो. पंतांनी पहिला जोरदार ब्रेक मारला आणि गाडी जागची न हलता पंतच मागे गेले, कारण खुर्चीला चाकं होती. शोकेसला जाऊन थांबले. दुसऱ्या दिवसापासून खुर्चीची चाकं मुलाच्या जुन्या बुटांत उभी आहेत.

वेगवान खेळाडूंचे सेटअप तयार मिळतात, पण ते घेणं पंतांना कमीपणाचं वाटतं. एकदा मुलाने गुपचूप असा एक घालून ठेवला. वेगवान माणसांना मागचा भाग सैल हवा असतो, गाडी पटकन फिरावी म्हणून. आणि निसटली तर सावरायला त्यांचे हात तयार असतात. पंतांची गाडी पहिल्याच शिकेनमध्ये गोल फिरून आलेल्या दिशेला तोंड करून उभी राहिली. 'ही गाडी चावते,' असा अभिप्राय वहीत आहे, 'मिश्र परिणाम' न लिहिता.

शर्यतीत ते क्वचित उतरतात. तयारी पूर्ण झाल्याशिवाय उतरायचं नाही, आणि तयारी पूर्ण झाली असं त्यांना कधी वाटत नाही. एका रविवारी मुलाने आणि मी मिळून त्यांना ऑनलाइन शर्यतीत ढकललं. वहिनी भाजी निवडत बघायला बसल्या. पंतांनी 'मॉन्झा शेवटचा खरा' लावला. सुरुवात उत्तम. पहिल्या शिकेनमध्ये पुढच्यांचा ढीग झाला, पंत सवयीप्रमाणे जरा आधीच ब्रेक दाबून मोकळे, त्यामुळे वाचले आणि सात जण मागे पडले. लेस्मो वळली. गाडी फारच हलकी, चपळ वाटत होती. पंत खुशीत म्हणाले, 'बघा, बार!' चौथ्या फेरीत पॅराबोलिकातून बाहेर पडताना इंजिनाचा आवाज गेला. गाडी घरंगळत रस्त्याकडेला लागली. 'शेवटचा खरा' हा पंतांनी एकेक फेरी मोजण्यासाठी बनवला होता. टाकीत बारा लिटर.

'पेट्रोल भरायला विसरलात?' वहिनींनी मेथीची काडी मोडली.

'विसरलो नाही. ते वेगळ्या पानावर असतं,' पंत म्हणाले, आणि शर्यत चालू असतानाच टायरचं तापमान बघायला लागले. 'पण चारही टायर काय सुरेख राहिलेत!'

2023 साली खेळाचं मोठं अपडेट आलं. टायरचं आतलं सगळं गणित कुनोसने बदललं. आधी गरम टायरमध्ये साडेसत्तावीसच्या आसपास हवा चांगली लागायची, आता ती 26 ते 27 च्या मध्ये हवी. लाल पाठीची वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बाद झाली. मुलाने मला जिन्यातच गाठून सांगितलं, 'काका, बाबांना भेटून या. त्यांचं सगळं गेलं.' मी लगेच वर गेलो. वहिनींनी दार उघडलं, आवाज खाली करून म्हणाल्या, 'सकाळपासून हसताहेत.'

पंत टेबलाशी बसले होते. चष्मा कपाळावर, समोर नवी वही, पहिली ओळ अधोरेखित करून झालेली.

'या, या! वाचलंत ना? सगळ्या गाड्या, सगळे ट्रॅक, सगळं पहिल्यापासून! मी तर गेल्या महिन्यात घाबरलोच होतो हो. मॉन्झात बदलायला काही उरलंच नव्हतं.'