मुदतीचा माणूस

आईच्या भिशीत त्याची ओळख 'जर्मनीत सेटल झालाय' अशी आहे. इतका अस्थिर माणूस पृथ्वीच्या पाठीवर शोधून सापडायचा नाही, पण हे भिशीला कोण सांगणार? त्याच्या नोकरीला शेवटची तारीख आहे. व्हिसा त्या तारखेला बांधलेला आहे आणि खोलीचा करार व्हिसाला. कढीपत्त्याचं रोप घ्यायचं म्हटलं तरी तो आधी कॅलेंडर बघतो.

हा परदेशी राहणारा मराठी पोस्टडॉक. पीएचडी झाली, म्हणून विद्यार्थी नाही. प्राध्यापकी मिळाली नाही, म्हणून साहेबही नाही. वय तिशीच्या उतारावर. मूळ गाव सांगली, चिपळूण, परभणी असं कुठलंही, एमएस्सी पुण्याची आणि मुक्काम सध्या ट्युबिंगन, म्हणजे दक्षिण जर्मनीत नेकार नदीच्या काठी. यातला 'सध्या' हा त्याच्या पत्त्याचाच भाग धरायचा.

तो नेमकं करतो काय, हे घरी कुणालाच नीट कळलेलं नाही. पिकलेल्या केळ्याभोवती जी चिलटं घोंगावतात ना, त्यांच्यावर तो संशोधन करतो. ड्रोसोफिला हे त्यांचं बारशाचं नाव. पहिल्या वर्षी त्याने सरळ सांगून टाकलं, "माश्यांवर काम करतो." रत्नागिरीच्या मावशीने तत्परतेने विचारलं, "म्हणजे तिकडे सुरमई मिळते होय रे?" आणि 'इथे बसून मारता येत नव्हत्या का माश्या?' हा विनोद तर प्रत्येक काकाला आपल्यालाच पहिल्यांदा सुचलाय असं वाटतं. हा दरवेळी हसतो. मग त्याने धोरण बदललं आणि 'कॅन्सरवर काम करतो' असं सांगायला सुरुवात केली. हे अगदीच खोटं नाही. माणसाच्या आजारांशी संबंध असलेल्या जनुकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जनुकांची भावंडं या चिलटात सापडतात. पण तेव्हापासून अख्ख्या नात्यागोत्याचे रक्ता-लघवीचे रिपोर्ट त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडू लागले. "अरे, डॉक्टर ना तू? मग नुसतं बघून सांग."

ट्युबिंगनला माश्यांची परंपरा मोठी आहे. इथल्या क्रिस्तियाने नुस्लाइन-फोलहार्ड बाईंना 1995 साली नोबेल मिळालं ते याच माशीमुळे. अंड्यातून अळी घडताना डोकं कुठे आणि शेपूट कुठे हे कोण ठरवतं, याचा छडा त्यांनी आणि एरिक वीशाउस यांनी लावला. पुढे बाईंनी माश्या सोडून झेब्राफिश हाती घेतले, तेव्हा मावशीचा प्रश्न तसा काळाच्या पुढचाच म्हणायचा. या माशीच्या जनुकांची नावं ऐकली की भूक लागते. एक 'श्पेट्झले', म्हणजे इथल्या घराघरांत होणाऱ्या शेवया. दुसरं 'गुर्केन', म्हणजे काकड्या. आपल्याही हाती एखादं नवं जनुक लागावं आणि त्याचं नाव 'थालीपीठ' ठेवावं, ही आपल्या पोस्टडॉकची आयुष्यातली गुप्त महत्त्वाकांक्षा आहे.

पण या माशीचा खाष्टपणा सासूला लाजवील. ठरलेल्या नराशी ठरलेल्या मादीचं लग्न लावायचं तर मादी कुमारिका हवी, आणि कोशातून बाहेर पडल्यावर साधारण आठ तासांच्या आत ती वेगळी काढली नाही तर तिचं काही सांगता येत नाही. म्हणून आपला नायक सकाळ-संध्याकाळ सूक्ष्मदर्शकाखाली मान घालून बसतो. कार्बन डायऑक्साइडने माश्या बेशुद्ध करायच्या आणि बारीक कुंचल्याने मुली एकीकडे, मुलगे एकीकडे करायचे. माश्यांना रविवार नसतो, त्यामुळे यालाही नाही.

"रविवारीसुद्धा लॅब? असं कोण वाट बघतंय रे तुझी?" आई विचारते.

काही मुलींच्या अब्रूचा प्रश्न आहे, हे आईला कसं सांगायचं?

तिकडे आई याच्या लग्नाच्या खटपटीत. विवाहमंडळाच्या फॉर्मवर तिने 'जर्मनीत शास्त्रज्ञ' असं ठसठशीत लिहिलंय. त्यावर स्थळं येतात, फोटो येतात, मग मुलीचे वडील व्हिडिओ कॉलवर येतात. हे गृहस्थ हमखास जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले असतात आणि त्यांचा पहिला प्रश्नही हमखास ठरलेला असतो.

"पर्मनंट आहात ना?"

इथे याला खोटं बोलता येत नाही. तो मुलीच्या वडिलांना जर्मन कायदा समजावून सांगू लागतो. 2007 साली झालेल्या या कायद्याचं नाव विसेनशाफ्ट्सत्साइटफेरट्रागसगेझेट्स. नाव संपेपर्यंत पलीकडचा चहा निवतो. सारांश असा, की विद्यापीठात पीएचडीच्या आधी सहा वर्षं आणि नंतर सहा वर्षं मुदतीच्या करारावर काम करता येतं. त्यानंतर कायमची जागा मिळाली तर ठीक, नाही तर सहसा नमस्कार. का? तर एकाच पिढीने सगळ्या जागा अडवून व्यवस्था तुंबू नये म्हणून. हा 'तुंबण्या'चा युक्तिवाद खुद्द तिथल्या शिक्षण मंत्रालयाने एका कार्टून फिल्ममध्ये केला होता. तीत हाना नावाची एक जीवशास्त्रज्ञ दाखवली होती. 2021 साली हजारो संशोधकांनी 'मीच हाना' म्हणत ट्विटरवर असा काही गिल्ला केला, की मंत्रालयाला ती फिल्म काढून टाकावी लागली. फिल्म गेली, पण कायदा अजून आहे.

मुलीचे वडील शांतपणे सगळं ऐकून घेतात. "म्हणजे कंत्राटी," ते निकाल देतात. "आमच्याकडे शिक्षणसेवक असायचे, तसं. पण ते तीन वर्षांनी पर्मनंट व्हायचे हो."

यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. मुलगी मात्र त्याला नंतर मेसेज करते, 'कायदा इंटरेस्टिंग होता.' 'इंटरेस्टिंग' म्हणजे काय, हे याला लॅबमध्ये चांगलंच कळलेलं आहे. सोमवारच्या मीटिंगमध्ये याने आलेख दाखवला आणि बॉस 'इंटरेस्टिंग' म्हणाला, तर त्याचा अर्थ होतो, प्रयोग पहिल्यापासून कर.

बॉसचा वाईट हेतू नसतो. त्याचा एक लाडका सिद्धांत असतो आणि त्याला धरून निष्कर्ष यावा एवढीच माफक अपेक्षा असते. अशा वेळी आपला पोस्टडॉक इरावतीबाई कर्व्यांचं स्मरण करतो. 1928 ते 1930 या काळात त्या बर्लिनमध्ये पीएचडी करत होत्या. ऑयगेन फिशर या त्यांच्या मार्गदर्शकाचं म्हणणं असं, की कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधला फरक वंशावर अवलंबून असतो आणि त्यात गोरे लोक सरस. बाईंनी कवट्या मोजल्या, फरकाचा वंशाशी काही संबंध दिसला नाही, आणि त्यांनी तसं प्रबंधात लिहिलं. तेही बर्लिनमध्ये, त्या काळात. याला मात्र बॉसच्या आलेखावर साधा एक बिंदू इकडचा तिकडे सरकलाय हे सांगायलाही आधी कॉफी लागते.

निबंध छापून यायला उशीर झाला, की तो टेकडीवरच्या किल्ल्यात जाऊन बसतो. या किल्ल्याच्या जुन्या स्वयंपाकघरात पूर्वी प्रयोगशाळा होती. तिथे 1869 साली फ्रीडरिश मीशर नावाच्या तरुणाने दवाखान्यातून जखमांच्या पट्ट्या आणल्या, त्यांवरच्या पुवातून एक नवाच पदार्थ वेगळा काढला आणि त्याला 'न्यूक्लेइन' म्हटलं. आज आपण ज्याला डीएनए म्हणतो तो हाच. मीशरचा बॉस होप-झायलर म्हणाला, थांब, मी स्वतः करून बघतो. त्याने सगळे प्रयोग पुन्हा केले आणि निबंध छापून आला 1871 मध्ये. डीएनएचीही ही गत, तर माझ्या चिलटाच्या पंखाचं काय घेऊन बसलात, असं म्हणून तो समाधानाने टेकडी उतरतो. घरी पोचतो तोवर मेल आलेलं असतं. पहिला परीक्षक खूश आहे. दुसऱ्याने आणखी वर्षभराचे प्रयोग सुचवलेत, आणि याचा करार संपायला आठ महिने आहेत.

घराचं म्हणाल, तर पुण्यात प्रभात रोडला पेइंग गेस्ट म्हणून काढलेले दिवस इथे कामी आले. हा श्वाब लोकांचा मुलूख. काटकसर, टापटीप आणि दुसऱ्याला शिस्त लावण्याची आंतरिक ओढ यांत पेठांनी मान खाली घालावी. दर आठवड्याला इमारतीतल्या एकेकाच्या दारावर 'केअरवोखे' अशी पाटी येऊन लटकते. ज्याच्या दारी पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा, समोरचा फुटपाथ साफ करायचा आणि बर्फ पडला तर तोही उपसायचा. ब्राझीलहून आलेल्या सहकाऱ्याला हा मानवी हक्कांचा भंग वाटला. याला मात्र दारावरची पाटी बघून माहेरी आल्यासारखं वाटलं. ज्या एबरहार्ड नावाच्या सरदाराने 1477 साली ट्युबिंगनचं विद्यापीठ काढलं, त्यानेच पुढे स्टुटगार्टकरांना आपापला कचरा आपण उचलायचा हुकूम दिला आणि त्यातून ही प्रथा आली, असं इथले लोक सांगतात. म्हणजे एकाच माणसाने याच्या हाती दोन कामं दिली. त्यातलं विद्यापीठातलं मुदतीचं आहे, झाडूचं कायम.

खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई, वय ऐंशीच्या पुढे, जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवून बघतात. फोडणीच्या धुराने अलार्म वाजला की चपला घालून वर येतात. पण पाडव्याला हा वाटीभर श्रीखंड घेऊन खाली गेला आणि तेव्हापासून वारं फिरलं. इथे क्वार्क नावाचा पदार्थ दुकानात डब्यांतून मिळतो. तो म्हणजे आयता चक्काच. साखर, वेलची, केशर घातलं की झालं. उभ्या आयुष्यात क्वार्क खाल्लेल्या बाईंना त्याचं असंही काही होतं हे माहीत नव्हतं. आता अलार्म वाजला तर त्या खालूनच ओरडून विचारतात, "आज काय?"

युरो शंभर रुपयांना टेकल्यापासून याचा गुणाकार सोपा झाला आणि खर्च कठीण. बाहेरची कॉफी म्हणजे चारशे रुपये, हा हिशोब डोक्यातून जात नाही. त्यातच ट्युबिंगन नगरपालिकेने 2022 पासून एकदा वापरून फेकायच्या कपावर आणि खोक्यावर 50 सेंट आणि काट्या-चमच्यावर 20 सेंट कर बसवला. बर्गरवाले भांडत थेट घटना न्यायालयापर्यंत गेले आणि जानेवारी 2025 मध्ये हरले. गावात त्या दिवशी सर्वांत जास्त आनंद आपल्या नायकाला झाला. आईने दिलेला तीनपुडी स्टीलचा डबा, ज्यावरून लॅबमध्ये थट्टा चालायची, तो आता सर्वोच्च पातळीवर समर्थनीय ठरला होता.

डिसेंबरात तो घरी येतो. येताना बॅगेत चॉकलेटं, जाताना भाजणी, गोडा मसाला, मेतकूट आणि कुकरच्या दोन जादा रिंगा. मुक्कामात प्रत्येक जण तोच प्रश्न विचारतो, "मग, परत कधी यायचं ठरतंय?" त्याचं उत्तर दरवर्षी तेच असतं, "हा करार संपला की." पुण्यात एका संस्थेत मुलाखत देऊन होते. तिथल्या जाहिरातीत पस्तिशीच्या आतला उमेदवार बरा, अशी एक ओळ असते. जर्मनीत हा अजून 'होतकरू पिढी'त मोडतो आणि इथे येईतो वय उलटून गेलेलं असतं. रात्री विमानात बसला, की त्याला पहिली आठवण होते फ्रिजरची. उणे ऐंशीवर ठेवलेले नमुने धड असतील ना?

एवढं सगळं असून त्याला कुणी माश्यांबद्दल मनापासून विचारलं, तर बघत राहावं. घराण्याची कूळकथा सांगावी तशा तन्मयतेने तो 1910 साली मॉर्गन या शास्त्रज्ञाला न्यूयॉर्कमध्ये सापडलेल्या पांढऱ्या डोळ्यांच्या माशीपासून सुरुवात करतो. तासाभराने आपण भानावर येतो तेव्हा समोरचं केळं काळं पडलेलं असतं आणि त्यावरच्या चिलटांतली मादी कोणती हे आपल्यालाही ओळखता यायला लागलेलं असतं.

मध्यंतरी कोल्हापूरच्या एका एमएस्सीच्या मुलीचं त्याला मेल आलं. 'सर, संशोधनासाठी जर्मनीला यावं का?' पहिल्यांदाच कुणी सर म्हटलं म्हणून तो हळवा झाला आणि रात्री जागून त्याने उत्तर लिहिलं. कराराचा कायदा सांगितला. पगारातून विमा आणि कर कापून गेल्यावर हाती किती राहतं ते लिहिलं. नोव्हेंबरात दुपारी पाचच्या आत अंधार पडतो, सणाला सुट्टी नसते, आजी गेल्याचं फोनवर कळतं, तेही लिहिलं. नीट विचार कर, बँकेच्या परीक्षाही वाईट नसतात, असंही लिहिलं. मग नव्या ओळीवर लिहिलं, 'आमच्याच मजल्यावर पीएचडीची एक जागा निघाली आहे. अर्जाची मुदत शुक्रवारी संपते. लिंक सोबत आहे. शिफारसपत्राला मी आहे.'

आणि खाली ता. क.: 'कुकर घेशील तो इंडक्शनवर चालणारा घे. आणि रविवारी सकाळी लवकर उठायची सवय असेल, तर तसं अर्जात आवर्जून लिही.'