ओरखडे दाखवणारी बॅटरी

आपल्याच वस्तूतले दोष नीट दिसावेत म्हणून माणूस पदरचे पैसे मोजतो, हे मला भाच्यामुळे कळलं. भाचा भोसरीत नोकरी करतो आणि रात्री हौसेखातर एक हातातली बॅटरी बनवतो. ती अंधारात वाट दाखवण्यासाठी नाही, गाडीच्या रंगावरचे ओरखडे दाखवण्यासाठी. हल्ली पुण्यात जागोजाग 'कार डिटेलिंग'च्या पाट्या दिसतात, तिथल्या पोरांना अशी बॅटरी लागते म्हणे. माझी गाडी काळी असल्यामुळे चाचणीचा मान तिला मिळाला. पांढरी गाडी सगळं पोटात घालते, काळीला ते जमत नाही.

ज्याला आपण गाडीचा रंग म्हणतो तो खरं तर थरांचा संसार आहे. पत्र्याला चिकटून गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन. डोक्यावरचा केस 70-एक मायक्रॉनचा धरला, तर आपला सगळा तोरा जेमतेम दोन केसांच्या जाडीवर उभा असतो. त्यातही वरचा क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा. रोजचे बारीक ओरखडे पडतात ते त्याच्यावर.

ते पाडतं कोण? आपणच. सकाळी एका बादलीत अख्ख्या सोसायटीच्या गाड्या पुसल्या जातात; पहिल्या गाडीची धूळ शेवटच्या गाडीला प्रसाद म्हणून पोचते. शिवाय दसरा असतोच. वायपरला झेंडूचा हार, बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, आणि दुसऱ्या दिवशी ते वाळलेलं कुंकू कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसणारे आपण. गाडीची पूजा आणि गाडीचे हाल यांत एका रात्रीचंच अंतर.

पार्किंगमध्ये भाच्यानं बॉनेटवर उजेड टाकला आणि दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक चकाकत्या रेघांचं रिंगण उमटलं. मी लगेच निकाल दिला, "बघ, गाड्या पुसणारा माणूस फडका गोल गोल फिरवतो."

"नाही मामा, आता नीट बघ," म्हणत त्यानं बॅटरी वीतभर डावीकडे सरकवली. रिंगणही तिच्याबरोबर डावीकडे सरकलं! ओरखडे सगळ्या बॉनेटभर, हव्या त्या दिशेला पसरलेले असतात. त्यांतले जे प्रकाशाच्या वाटेत आडवे येतात तेवढेच चमकून डोळ्यात येतात, बाकीचे गप्प बसतात. गुन्हा गोल नव्हता, पुरावा गोल होता. मी त्या पुसणाऱ्या माणसावरचा आरोप मनातल्या मनात मागे घेतला.

एरवी दिवा बनवणारे प्रकाश मऊ कसा होईल हे बघतात. इथं सगळं उलटं. दुधी काच लावली की प्रकाश पसरतो, ओरखडे गायब होतात आणि बॉनेट एकदम नवंकोरं दिसू लागतं. (ती काच मला फार आवडली होती, भाच्यानं काढून टाकली.) ट्यूबलाइटखाली गाडी देखणी दिसते तीही याच कारणानं. ओरखडा पकडायला एका ठिपक्यातून येणारा कडक प्रकाश लागतो. सूर्य एवढा मोठा, पण आभाळात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो, म्हणून उन्हात सगळं उघडं पडतं. बॅटरीतला एलईडी तसाच चिमुकला हवा, रंग खरे दाखवणारा हवा आणि उजेड कमी-जास्त करता यायला हवा. पांढऱ्या गाडीवर फार झोत टाकला तर डोळे दिपतात आणि ओरखडा निसटतो.

पण माझा जीव गुंतला तो बॅटरीच्या अंगात. गोल बॅटरी बॉनेटवर ठेवली की घरंगळते, म्हणून ही षट्कोनी. तोंडाला रबराची कड, कारण ओरखडे शोधणाऱ्या बॅटरीनंच ओरखडा पाडला तर गिऱ्हाइकाला काय सांगणार? धातूची क्लिप रद्द. मनगटात अडकवायची दोरीही रद्द, कारण तिच्यामुळे बॅटरी लोंबकळते आणि नेमकी दारावर आपटते. बटण असं की साबणाच्या ओल्या अंगठ्यानंही दाबता यावं.

माझा आक्षेप वेगळाच आहे. ओरखडा दिसला की हात पॉलिशच्या मशीनकडे जातोच. आणि पॉलिश म्हणजे ओरखडा बुजवणं नव्हे, त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून त्याच्या पातळीला आणणं. दर खेपेला थोडे मायक्रॉन जातात ते परत येत नाहीत. तो थर फार पातळ झाला की ऊन रंगाला खाऊ लागतं. म्हणून थराची जाडी मोजणारं यंत्र असतं: लोखंडी पत्र्यावर ते चुंबकत्वानं मोजतं, ॲल्युमिनियमवर भोवरी प्रवाहानं, आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर या दोन्ही युक्त्या चालत नाहीत. माझं म्हणणं, हे मोजमाप बॅटरीतच बसव. आकडा दिसल्याशिवाय झोत लागूच नये. भाचा म्हणतो, किंमत वाढेल. वाढू दे. नुसते दोष दाखवायचे आणि दुरुस्तीला किती जीव शिल्लक आहे ते सांगायचं नाही, हे अर्धवट काम आहे.

तोवर तुम्हाला जुनी गाडी घ्यायची असेल तर रुमालात गुंडाळलेलं साधं लोहचुंबक न्या. जिथं ते नीट चिकटत नाही, तिथं रंगाखाली पुट्टी असण्याचा संशय घ्या. आणि जा ते दुपारच्या उन्हात. मालकानं नुकतीच धुऊन ठेवलेली ओली गाडी मात्र बघू नका. पाणी ओरखड्यांत भरतं, आणि वाळेपर्यंत कुठलीही गाडी नवीच दिसते.