राऊटर गेला, बाकी सर्व क्षेम

हॅरो, लंडन
रविवार, सकाळ

ती. बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आधी सगळ्यात महत्त्वाचं : आमच्याकडे कोणीही गेलेलं नाही. मागच्या रविवारी मी 'राऊटर गेला' असं म्हणाले, त्यातला राऊटर वाटेतच गळून पडला आणि आईंच्या कानावर नुसतं 'गेला' आलं. वर नेमका त्याच क्षणी माझा चेहरा डोळे मिटलेल्या अवस्थेत थिजला. त्यानंतर सांगलीच्या आत्या, पुण्याचे काका आणि ज्यांनी बंगल्याच्या वाटणीपासून आपल्याशी अबोला धरलाय ते इचलकरंजीकरसुद्धा फोन करून गेले. इचलकरंजीकर तर रडत होते. त्यांना खरं काय ते अजून सांगितलेलं नाही, कारण बोलणं सुरू झालंय तर होऊ दे असं अभिजितचं मत आहे.

गेला तो ब्रॉडबँड कंपनीने फुकट दिलेला पांढरा डबा. तोही वयोमानाने गेला नाही, तुमच्या चिरंजीवांनी त्याला सक्तीने निवृत्त केलं. बाबांचा जन्म टेलिफोन खात्यात गेला, म्हणून सविस्तर लिहिते. आई, तुम्ही मधला भाग वगळून थेट लोखंडी कपाटाच्या परिच्छेदावर या. तो खास तुमच्यासाठी आहे.

घर तुम्ही पाहिलं आहे, पण वायफायच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही. १९३० च्या दशकात मेट्रोपोलिटन रेल्वेच्या कडेकडेने अशी जोडघरं रांगेने उठली. तेव्हा प्रत्येक खोलीत कोळशाची शेगडी असायची, म्हणून घराच्या पोटातून विटांचं धुराडं वर गेलं आहे. शेगड्या विझून जमाना झाला, धुराडं ठाण मांडून आहे. आधीच्या मालकांनी मागे स्वयंपाकघर वाढवलं. त्यामुळे पूर्वी जी घराची बाहेरची भिंत होती, दुहेरी विटांची आणि मध्ये पोकळी असलेली, ती आता घराच्या आत आली. माझा ओटा तिच्या पलीकडे. माळ्यावर काढलेल्या खोलीला थंडी अडवायला फोमच्या पाट्या ठोकल्या आहेत, त्यांना दोन्ही बाजूंनी चांदीसारखी ॲल्युमिनियमची फॉइल. खालून तिरपी येणारी वायफायची लाट त्या फॉइलवर आपटते आणि आल्या पावली परत जाते. अभिजितचं ऑफिस नेमकं तिथे.

आणि डबा कुठे? तर पुढच्या दाराशी, कारण फोनची तार ज्या काळी घरात आली त्या काळी टेलिफोन दारापाशीच ठेवत. लाट काही फक्त घराकडे तोंड करून चालत नाही, ती चहूकडे पसरते. म्हणजे पैसे आम्ही भरायचे आणि निम्मं वायफाय फुटपाथला. पार्सल घेऊन येणाऱ्या पोऱ्याला दारात उभं राहून सिनेमा बघता आला असता.

मीराने घराचा नकाशा काढला आणि माझा फोन घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत रंगवला : सिग्नल चांगला तिथे हिरवा, बरा तिथे पिवळा, नाही तिथे लाल. स्वयंपाकघर लाल, माळा लालभडक, मागची खोली पिवळी. संपूर्ण घरात गडद हिरवी जागा एकच निघाली. जिन्याखालचा संडास. डब्याला लागून फक्त पातळ पार्टिशन. ईशान तिथे इतका वेळ का बसतो याचं उत्तर आम्ही इतके दिवस इसबगोलात शोधत होतो. अभिजितने मात्र नकाशा गांभीर्याने घेतला आणि ऑफिसच्या दोन मीटिंगा तिथून केल्या, कॅमेरा बंद ठेवून. तिसरीत कोणीतरी बाहेरून दार वाजवलं. पुढचं लिहीत नाही.

मग खरेदी. बाबा, तुमच्या मुलाला यंत्र जितकं भयानक दिसेल तितकं ते जोरकस वाटतं. त्याने आठ अँटेना असलेला राऊटर आणला, उलट्या पडलेल्या कोळ्यासारखा दिसणारा. खोक्यावर 'एएक्स ६०००' असा आकडा. मी विचारलं, रस्त्यावरून आपल्या घरात किती येतं? तर सेकंदाला १५० मेगाबिट. मग हे बाकीचं कुठून येणार? खोक्यावरचा आकडा म्हणजे राऊटरच्या सगळ्या पट्ट्यांच्या कमाल वेगांची बेरीज असते, तीही प्रयोगशाळेतली. कुठल्याही एका फोनला तो कधीच मिळत नाही. लग्नपत्रिकेत 'आपले नम्र' म्हणून साठ नावं असतात, त्यातले वाढायला किती येतात, तसं.

आणि जोर म्हणाल तर त्याला कायद्याने वेसण आहे. इथे २.४ गिगाहर्ट्झवर राऊटरने १०० मिलीवॅटपेक्षा जास्त फेकायचंच नाही, मग डबा चाळीस पौंडांचा असो नाहीतर चारशेचा. शिवाय राऊटर ओरडून उपयोग काय? फोननेही उत्तर द्यायला हवं, आणि त्याचा आवाज खिशातल्या बॅटरीइतकाच. फोनवर सिग्नलच्या रेघा पूर्ण आणि तरी काही उघडत नाही, असं होतं तेव्हा पुष्कळदा हेच झालेलं असतं. तुम्ही 'वन वे फॉल्ट' म्हणायचात, तोच प्रकार.

२.४ ची लाट भिंतीतून त्यातल्या त्यात बरी जाते, पण तिथे गर्दी फार. चॅनेल तेरा असले तरी एकमेकांच्या अंगावर न येणारे तीनच धरतात, १, ६ आणि ११. जोडघरात आणि समोरच्या रांगेत मिळून जी शेजाऱ्यांची यादी फोनवर दिसते ती सगळी मंडळी त्या तिघांवर लोंबकळत असतात. त्यात आमचा मायक्रोवेव्ह २.४५ वर. म्हणजे मी पोहे गरम करायला लावले की आईंचा चेहरा थिजणार, हे ठरलेलं. ५ गिगाहर्ट्झला गर्दी कमी आणि वेग जास्त, पण विटा दिसल्या की तिचा धीर सुटतो. शिवाय तिथल्या काही चॅनेलवर रडारचा पहिला हक्क असतो. रडारची चाहूल लागली की राऊटरने मुकाट्याने ती जागा सोडायची. रात्री मधूनच वायफाय गुल व्हायचं त्याबद्दल अभिजितचा संशय नॉर्थोल्टच्या विमानतळावर होता. माझा संशय अभिजितच्या सेटिंगवर. निकाल लागलेला नाही.

कोळ्याने मागची खोली हिरवी केली, माळा लालच राहिला. मग एक्सटेंडर आला. तो त्याने माळ्यावरच लावला, जिथे सिग्नल पोहोचत नव्हता तिथे. ज्याला स्वतःला ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? आणि हा स्वस्तातला, एकाच चॅनेलवर ऐकतो आणि त्याच चॅनेलवर बोलतो, त्यामुळे वेग निम्मा. वर फोन त्याला असे चिकटतात की खाली डब्याशेजारी येऊन बसलं तरी माळ्यावरच्याला सोडत नाहीत. तो परत केला. विजेच्या सॉकेटमधून इंटरनेट नेणारी जोडीही येऊन गेली, तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

त्यानंतर मेश. तीन गुबगुबीत चकत्या, सगळ्यांचं नाव एक, फोन आपोआप जवळच्या चकतीकडे जातो. कल्पना चांगली आहे. पण चकत्यांनी एकमेकींशी बोलायचं तेही हवेतूनच, त्याच विटांतून आणि त्याच फॉइलमधून. दुकानातला मुलगा वायफाय ७ ची घ्या म्हणत होता. त्यात ६ गिगाहर्ट्झची नवी पट्टी असते, ऐसपैस आणि रिकामी. पण ती भिंतीला ५ पेक्षाही जास्त भिते, आणि ती वापरू शकेल असं आमच्या घरात एकही यंत्र नाही. नव्या गाडीला आधी रस्ता पाहिजे. वायफाय ६ च्या साध्या चकत्या घेतल्या आणि उरलेल्या पैशांत ईशानचे बूट आले.

आणि इथे बाबा, तुमचं ते वाक्य. तुटत तुटत का होईना, त्या रविवारी ते पूर्ण पोहोचलं होतं : "अरे, तार ओढ!" अभिजितने तेव्हा हसून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी गुपचूप कॅट ६ केबलचं भेंडोळं आलं. अस्सल तांब्याची, कारण तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते ती घेऊ नकोस, हे तुमचंच सांगणं. बाहेरून जायचं म्हणून काळ्या वेष्टणाची. पुढच्या दारापासून पन्हाळीच्या पाइपाला धरून वर, वळचणीखालून माळ्यात. अशी तार १०० मीटरपर्यंत कुरकुर न करता चालते, आपलं अख्खं घर त्यात चारदा गुंडाळता येईल.

टोकाला कनेक्टर बसवायचं काम आठ रंगांचं : नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. बँकांची सॉफ्टवेअरं लिहिणारा माणूस चष्मा कपाळावर चढवून हे स्तोत्रासारखं म्हणत होता. लावलं, चाललं, पण १००० ऐवजी १०० च वेग. त्याने राऊटरला, विंडोजला, सरकारला दोष दिला. मी टोक उजेडात धरलं. निळ्या जोडीतली एक तार तळापर्यंत गेलीच नव्हती. चारही जोड्या नीट असल्या तर १०००, निळी किंवा तपकिरी लंगडली की उरलेल्या दोनांवर काम भागवून १००. तुमच्या खात्यात असता तर पहिल्या आठवड्यात मेमो मिळाला असता.

आता एक चकती माळ्यावर तारेवर, एक मधल्या जिन्यात उघड्यावर, तिसरी स्वयंपाकघरात त्या जुन्या भिंतीच्या अलीकडे नव्हे, पलीकडे, तीही तारेवर. मीराचा नवा नकाशा हिरवागार आहे. कोळी वेंब्लीला एका खोलीत राहणाऱ्या तिच्या चुलतमामाला दिला. त्याला तो फार आवडला.

बाबा, एक गंमत तुमच्यासाठी. घरातल्या लाटा भिंतीभिंतींवर आपटून प्रतिध्वनीसारख्या एकमेकींत मिसळतात, तो गोंधळ निस्तरायचं एक महत्त्वाचं तंत्र ऑस्ट्रेलियाच्या 'सीएसआयआरओ' संस्थेत जॉन ओसुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी काढलं. १९९६ साली त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. हे ओसुलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्राचे, आणि पूर्वी फुटणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे संकेत शोधत होते. कृष्णविवर सापडलं नाही, पण पुसट झालेला संकेत साफ करायचं गणित कामी आलं. आणि आम्हाला ते वापरून पलीकडच्या खोलीतल्या ईशानला जेवायला ये म्हणून मेसेज करता येतो.

आई, आता कपाट. तुमचा राऊटर लोखंडी कपाटावर आहे, त्यावर विणलेला रुमाल, बाजूला आरसा, मागे टीव्ही. रुमाल राहू दे, पण तो डबा तिथून काढा. लोखंड आणि आरशामागचा चांदीचा थर लाट अडवतात. मधल्या खोलीत, छातीच्या उंचीवर, उघड्या फळीवर ठेवा. देवघराच्या कोनाड्यात नको, तिन्ही बाजूंनी भिंत येते. आणि पासवर्ड म्हणून घरचा फोननंबर ठेवलाय तो बदला. समोरचे कुलकर्णी फुकट मालिका बघतात हे तुम्हीच सांगितलंत, तरी तुम्ही त्यांना रात्री नऊला आवाज कमी करा म्हणता, राऊटर बंद करत नाही.

मे महिन्यात येताना बाबा, तुमचं क्रोन टूल घेऊन या. मुलांच्या खोलीत भिंतीवर सॉकेट बसवायचा राहिलाय, आणि अभिजितला परत तार दाबू द्यायची माझी तयारी नाही. ते मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत नको, सिक्युरिटीवाले काढून घेतील. मेतकूटही मोठ्या बॅगेतच. दोन्ही एका पिशवीत बांधू नका.

मुलांचे नमस्कार. कळावे, लोभ असावा.

आपली,
सौ. मधुरा

ता. क. : इचलकरंजीकरांनी 'तेराव्याला येऊ का' असं विचारलंय. काय कळवू?