समोरच्यांच्या जीपचं कळलं का?

अहो, ऐकलंत का? ते धुणं राहू द्या हो, ऊन काही पळून जात नाही. इकडे या, कुंपणाशी. समोरच्या भाऊजींच्या जीपचं कळलं ना? चालू झाली एवढं तर सगळ्या गल्लीला माहीत आहे, पण आतली गोष्ट निराळीच आहे. ती मला किनवटच्या मावशींनी सांगितली. मावशी म्हणजे भाऊजींच्या सासूबाई, आणि त्या स्वतः तिथे उभ्या होत्या. म्हणजे उभ्या कसल्या... पण ते येतंच पुढे.

जीप ती हो, एपी 01 वाली. मधे टीएस आलं, आता टीजी आलं, भाऊजींची पाटी अजून एपीच. महिंद्राची एमएम 540. प्युजोचं डिझेल इंजिन, 2112 सीसी. मला मेलीला काय कळतंय त्यातलं! पण भाऊजी चहाला आले की ऐकावंच लागतं. 1947 साली महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीप जोडायला घेतल्या, तिथून जे सुरू होतात ते चहा गार होईपर्यंत. 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी आरटीओत फेरपासिंग, त्याचे पैसे वेगळे. वहिनी एकदा सगळ्यांदेखत म्हणाल्या, "या गाडीत घातले तेवढ्यात माझ्या पाटल्या झाल्या असत्या." काय चेहरा पडला भाऊजींचा! पण विकली नाही हं.

तर काय सांगत होते... हां, सगळं सुरू झालं दसऱ्याच्या रंगापासून. भाऊजींना मिलिटरीचा हिरवा हवा होता. पेंटर म्हणाला, "साहेब, ऑलिव्ह ग्रीन फक्त सैन्याच्या गाड्यांना. नियमच आहे तसा." भाऊजी घरी येऊन पुस्तक काढून बसले, तर खरंच, 1989 च्या मोटार वाहन नियमांत लिहिलेलं. रुसले. शेवटी विटकरी दिला. आणि पेंटर इतका हौशी, की चॅसी, इंजिनाचे पाय, नटबोल्ट, जे दिसेल ते फवारून काढलं. दिसली मात्र नवरीच हो, खोटं कशाला बोलू.

आणि दुसऱ्याच दिवशी सेल्फ मारला तर नुसतं घूं... घूं... आणि गप्प. हेडलाइट मंद. ब्रेक दाबावा तर इंडिकेटर लुकलुकतात. भाऊजी म्हणाले बॅटरी गेली. नवी बॅटरी आली. तेच. मग म्हणाले सेल्फ गेला. सेल्फ उतरवला, आर्मेचर तपासून आणलं, बुश बदलले. तेच! कोणी म्हणालं उंदरांनी वायरिंग खाल्लं असेल, म्हणून सीटाखाली पिंजरासुद्धा लावला. त्यात आमचं मांजर अडकलं, ते राहू द्या.

मग एका सकाळी भाऊजी ओरडले. इंजिन बंद करायला ती नॉब ओढायची असते ना डॅशबोर्डवर, स्टॉपची, तिला हात लावला तर चटकाच बसला. वायरीचं प्लास्टिक वितळून वास सुटला होता. वहिनी म्हणाल्या, "आता पेटवूनच टाका एकदाची." तेव्हा कुठे उस्तादला बोलावलं. उस्ताद म्हणजे आपले बसस्टँडच्या मागचे, म्हातारे, बोलतात कमी. त्यांनी बॉनेट उघडलं, मीटर लावला, बॅटरी 12.6, म्हणजे भरलेली. मग जम्परची एक वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडाला, आणि हाताखालच्या पोराला म्हणाले, मार सेल्फ. भुर्रकन फिरला हो!

म्हणजे काय झालं होतं, सांगते. बॅटरीतून करंट जितका जातो तितका परत यावा लागतो. सेल्फला जायला जाड वायर असते, पण परत येताना तो इंजिनाच्या अंगातून एका पट्टीवाटे चॅसीला येतो आणि तिथून बॅटरीला. त्या पट्टीला अर्थिंग म्हणतात. पेंटरने पट्टी काढली, खाली रंग मारला आणि रंगावरच बोल्ट आवळला. रंगातून करंट कसा जाणार? सेल्फ शे-दोनशे अँपिअर ओढतो, त्याला परतायला वाट मिळेना, तो घुसला स्टॉपच्या बारीक वायरीत. तापणार नाही तर काय होईल! उस्तादने पॉलिश पेपरने रंग खरवडला, लोखंड चकचकीत केलं, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. झालं. नवी बॅटरी फुकट, सेल्फचा खर्च फुकट. भाऊजी म्हणाले, "बॅटरी तशीही जुनीच झाली होती." वहिनी काही बोलल्या नाहीत. नुसतं बघितलं. आणि त्यांचं बघणं तुम्हाला माहीत आहेच...

पण खरी गंमत तर पुढेच. पुष्य अमावस्येला केसलापूरला निघाले सगळे, नागोबाच्या जत्रेला. 2022 मध्ये नवं देऊळ झालं ना मेस्राम कुळाचं, त्यांनी स्वतःच वर्गणी काढून बांधलेलं, ते मावशींना बघायचं होतं. जीप थांबायला नको म्हणून भाऊजींनी पंपावर टाकी काठोकाठ भरली. मावळ्याचं तळं मागे पडलं, गुडीहत्नूरच्या अलीकडे जीपने आचके दिले आणि बंद. हवा धरली असेल म्हणून फिल्टरचा स्क्रू सैल केला, हातपंप मारला, फेस आला, पुन्हा आवळला. अर्धा तास बसून राहिले तेव्हा चालू झाली. थोडं जाते न जाते तोच पुन्हा बंद. तिकडे मेस्राम मंडळी गोदावरीचं पाणी घेऊन अनवाणी चालत पोचतात हो, आणि आमच्या भाऊजींना चार चाकांवर पोचता येईना!

जत्रेच्या जादा बसेस जात होत्याच. वहिनी, मावशी, दोघी नणंदा, सगळ्या बसमध्ये चढल्या. आपल्या तेलंगणातल्या बायकांना आधार कार्ड दाखवून फुकटच आहे ना 2023 च्या डिसेंबरपासून, मावशींचं तेवढं तिकीट काढलं. भाऊजी राहिले जीपजवळ. वहिनींनी खिडकीतून हात केला म्हणे! मावशी सांगत होत्या, जावयाचं तोंड तेव्हा अस्सं झालं होतं...

तर काय सांगत होते. घरी आल्यावर भाऊजींनी जाहीर केलं, पंप गेला. मायकोचा पंप, कंपनीचं नाव बदलून बॉश झालं त्याला किती वर्षं झाली, पण भाऊजींच्या तोंडी अजून मायकोच. उस्ताद म्हणाले, "भाई, पंप को हात नक्को लगाव." ऐकतील तर ना! नागपूरला कोणाकडे तरी पाठवला कॅलिब्रेशनला. बिल किती झालं ते वहिनींना अजून सांगितलेलं नाही, आणि मला माहीत आहे ते तुम्ही सांगू नका. पंप आला, बसवला, टायमिंग जुळवलं. आणि काय? माहूरच्या रस्त्याला लागले तर तेच आचके.

एक गोष्ट मात्र मावशींच्या लक्षात आली होती. टाकी भरलेली असली की जीप लवकर बंद पडते, अर्धी असली की बरीच लांब जाते. त्यांनी जेवताना बोलून दाखवलं. भाऊजी हसले. म्हणाले, "मावशी, डिझेल जास्त असल्यावर गाडी कशी बंद पडेल?" मावशी किनवटच्या. किनवट 1956 पर्यंत आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होतं, म्हणून त्या आपल्यावर जरा जास्तच हक्क सांगतात. त्या गप्प बसल्या, पण विसरल्या नाहीत.

काल दुपारी उस्ताद आले. त्यांनी पाच लिटरचं कॅन डिझेलने भरलं, बॉनेटवर दोरीने बांधलं, त्यातून नळी काढून थेट फीड पंपाला जोडली, परतीची नळीही कॅनमध्येच सोडली. टाकीचा संबंधच तोडला. आणि पोराला पाठवलं फेरी मारायला. हायवेवर जाऊन आला, एक आचका नाही! उस्ताद म्हणाले, दोष पुढे नाही, मागे आहे. टाकी, नाहीतर नळी. पंप बिचारा पहिल्यापासून ठीकच होता. भाऊजी तेव्हाच जरा पांढरे पडले.

पुन्हा टाकी जोडली, भरली, फिरवून आणली, दारात येऊन बंद पडली. उस्ताद खाली वाकून नळ्या बघत होते. आणि मावशी, हातात डिंकाच्या लाडवाची ताटली, त्या सरळ गेल्या टाकीपाशी आणि झाकण फिरवलं. सूंऽऽऽ! अहो, मला इथे ओट्यापर्यंत ऐकू आलं. टाकीने श्वास ओढला. उस्ताद ताडकन उठले. मावशी म्हणाल्या, "तेलाच्या डब्याला मी दोन भोकं पाडते ती काय शोभेला? एकाच भोकातून तेल पडतं का कधी?"

उस्तादने झाकण उलटं केलं. आत बारीक भोक असतं, हवा जायला. त्या भोकात एमसीलचा गोळा! पक्का बसवलेला. डिझेल बाहेर जातं, जागेवर हवा येत नाही, टाकीत ओढ बसते, पंपाला डिझेल मिळत नाही. टाकी भरलेली असली की आत हवा थोडीच, म्हणून ओढ लगेच बसते. अर्ध्या टाकीत हवा भरपूर, म्हणून लांबवर चालते. आणि अर्धा तास थांबलं की कुठून तरी थोडी हवा शिरते, म्हणून पुन्हा चालू. तो फेस यायचा फिल्टरमधून, तोही त्याच ओढीने. सगळं बरोबर जुळलं हो, मावशींचं.

उस्ताद म्हणाले, "ये किसने किया?"

कोणी बोलेना. वहिनी भाऊजींकडे बघतायत, भाऊजी टायरकडे. मग धाकटा, चौथीतला, त्याला काय कळतंय, म्हणाला, "बाबांनीच तर लावलं पावसाळ्यात!" झालं! गेल्या पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी निघालं होतं ना, फिल्टरच्या वाटीत साचलेलं, तेव्हा भाऊजींना वाटलं झाकणाच्या भोकातून पाऊस जातो. आणि सगळ्यांच्या आधी उठून, पाटावर बसून, एमसील मळून... वहिनी हसायला लागल्या त्या थांबेनातच. मावशींनी लाडू पुढे केला, "घ्या जावईबापू." भाऊजींनी घेतला, खाल्ला, काही बोलले नाहीत. पाणी कुठून आलं होतं ते पण उस्तादने सांगितलं, टाकी रात्रभर अर्धी रिकामी ठेवली की आतली वाफ गार होऊन तिचं पाणी होतं. खालचा स्क्रू सोडून काढून टाकायचं, बस. झाकणाशी काही संबंध नाही.

आता आज सकाळी बघा, मार्केट यार्डात कापसाच्या काट्यापाशी भाऊजी चौघांना काय सांगत होते? "लोक सरळ पंप काढतात हो, आधी झाकण बघावं." आमचे हे तिथेच होते! हे म्हणाले, नागपूरच्या बिलाचं विचारू का? मी म्हटलं, नको, माहूरची ट्रीप होऊ द्या आधी. रविवारी रेणुकेला न्यायचं कबूल केलंय त्यांनी, मावशींनी मागितलं आणि नाही म्हणायची सोय उरली नाही. तुम्ही येताय ना? पुढच्या सीटवर मावशी बसणार हे ठरलंय. मागे आडव्या बाकांवर आपण, पण चाकावरची जागा मी घेणार नाही, आधीच सांगून ठेवते. गेल्या खेपेला माझी कंबर...